केळीवरचा करपा आणि बाजरीवरचा गोसावी, दोन्ही बुरशीच ना? प्रोटिस्ट आणि कवकाच्या पेशीत फरक काय?

नाही, दोन्ही बुरशी नाहीत. जळगावकडे केळीच्या पानावर येणारा करपा खऱ्या कवकाचा, म्हणजे बुरशीचा. धुळे-नंदुरबारकडे बाजरीच्या कणसाचा पानांसारखा झुपका करणारा गोसावी मात्र ऊमायसीट गटातल्या जिवाचा, आणि हा गट प्रोटिस्टांत धरतात, म्हणजे प्राणी, वनस्पती, कवक यांपैकी कशातच न बसणाऱ्या, केंद्रक असलेल्या जिवांत. दिसायला दोघंही तंतूच, म्हणून घोळ होतो. खरा फरक पेशीभित्तिकेत: कवकाची कायटिनची (कीटकांच्या कवचातला चिवट पदार्थ), ऊमायसीटची मुख्यतः सेल्युलोज (वनस्पतींच्या भित्तिकेतला पदार्थ) आणि ग्लुकनची (ग्लुकोजच्या साखळ्यांचा पदार्थ). शिवाय गोसावीचे शेपटीवाले चलबीजाणू पानावरच्या ओलाव्यात चक्क पोहतात. करप्याचे पोहत नाहीत.

केंद्रक दोघांतही पटलबंद. बाकी प्रोटिस्टा म्हणजे मोठी सरमिसळ: अमिबाला भित्तिकाच नाही, युग्लीनात हरितलवकं. कवकात हरितलवकं कधीच नसतात, ते विकरं (एन्झाइम) बाहेर सोडून अन्न शोषतं.

औषधातही हे दिसतं: मेटालॅक्झिल हे औषध गोसावीवर चालतं, करप्यावर नाही.