अकरावीतच कॉलेजचा पहिला क्लास: सुरुवात कशी करावी

कॅलिफोर्नियात मुलगी हायस्कूलच्या अकरावीला जातेय आणि कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचा) क्लास घ्यायचा म्हणतेय, तर अवश्य घेऊ द्या. पण पहिल्या सेमिस्टरला एकच.

३ युनिटचा (युनिट म्हणजे क्रेडिटचं माप) क्लास म्हणजे आठवड्याला ३ तास वर्ग आणि घरी साधारण ६ तास अभ्यास. उन्हाळ्यातला ६ आठवड्यांचा क्लास सोपा वाटतो, पण १६-१८ आठवड्यांचा अभ्यासक्रम त्यात कोंबलेला असतो. पहिलटकरांची दांडी तिथेच उडते.

क्रम असा ठेवा:
१. आधी शाळेच्या काउन्सेलरला भेटा. त्यांच्या परवानगीशिवाय नोंदणी होत नाही. कॉलेजच्या क्लासचं क्रेडिट शाळेच्या गुणपत्रकातही धरणार का, तेही विचारा.
२. कॉलेजचा ऑनलाइन अर्ज सीसीसीअप्लायवर (कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाचं संकेतस्थळ) भरा.
३. 'असिस्ट'च्या संकेतस्थळावर तो विषय यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) चालतो का ते पाहा. खासगी विद्यापीठांचे नियम वेगळे, तिथे थेट विचारलेलं बरं.

सेमिस्टरला ११ युनिटपर्यंत कॉलेजची फी बहुतेक ठिकाणी माफ असते; पुस्तकांचा खर्च मात्र धरून चला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जातात. झेपत नसेल तर ड्रॉपची (क्लास सोडण्याची) पहिली तारीख उलटण्याआधी बाहेर पडा, म्हणजे 'डब्ल्यू'ही (विथड्रॉअल, म्हणजे क्लास मध्येच सोडल्याचा शेरा) लागत नाही. नुसतं वर्गात जाणं बंद केलं तर 'एफ' (नापास) येऊ शकतो. या तारखा पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

आणि प्राध्यापकांना ईमेल तिलाच करू द्या. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या अमेरिकी कायद्यामुळे कॉलेज तिच्या ग्रेडबद्दल सहसा तिच्याशीच बोलतं, आईवडिलांशी नाही.