ग्रीक इतिहासाचा ध्यास आणि वकील वडिलांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण नाशिकच्या न्यायालयात वकिली करता. आपली मुलगी यंदा कला शाखेतून बारावीला आहे, दहावीपर्यंत तिने संस्कृत घेतले होते, आणि गेल्या वर्षभरात प्राचीन ग्रीसविषयी हाती लागेल ते वाचून काढल्यावर आता त्याच विषयात पुढे शिकायचे असे तिने घरात सांगितले आहे. तिने पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा, अशी आपली इच्छा आहे. ‘अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परक्या देशाचा इतिहास शिकून आज नाशिकच्या मुलीला काय मिळणार?’ असे आपण विचारले आहे. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. पोटापाण्याचे नंतर बोलू.

उत्तराची सुरुवात आपल्याच व्यवसायातून करता येते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संवैधानिक नैतिकतेचा मुद्दा मांडला आणि त्यासाठी जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचा उतारा वाचून दाखवला. ग्रोटने तो विचार लिहिला होता ग्रीसच्या इतिहासात, इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लिस्थेनिस या पुढाऱ्याने अथेन्समध्ये केलेल्या राज्यव्यवस्थेतील सुधारणांची चर्चा करताना. हुकूमशाहीतून नुकतेच बाहेर पडलेले नागरिक सत्तेवर कठोर टीका करतात आणि तरीही नियमांच्या चौकटीचा मान राखतात, ही सवय कशी रुजते, हा ग्रोटपुढचा प्रश्न होता. ही भावना निसर्गतः येत नाही, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे बाबासाहेबांनी त्याच भाषणात बजावले. २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ज्या संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला, तिची वाट अशी अथेन्सपर्यंत मागे जाते. आपण न्यायालयात ही संज्ञा ऐकली असेल, कदाचित वापरलीही असेल. आपली मुलगी तिच्या उगमाचा अभ्यास करू पाहते आहे.

दुसरे उदाहरण मी थोडे विस्ताराने देतो, कारण या अभ्यासात नेमके काय शिकायला मिळते ते त्यातून स्पष्ट होते. इ.स.पू. ४२८ मध्ये लेस्बॉस बेटावरच्या मायटिलीनी या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि पुढच्या वर्षी ते मोडून काढले गेले. संतापलेल्या अथेन्सच्या नागरिकांच्या सभेने ठराव केला की तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि स्त्रिया व मुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन एक युद्धनौका निघालीही. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्या निर्णयाची क्रूरता जाणवली आणि सभा पुन्हा भरली. क्लिऑन हा पुढारी म्हणाला, ठराव फिरवणे हा दुबळेपणा आहे. डायोडोटस नावाच्या नागरिकाने त्याला उत्तर दिले, आणि थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने नोंदवलेल्या या उत्तराचे वैशिष्ट्य असे की त्याने दयेची याचना केलीच नाही. जबर शिक्षेच्या भीतीने गुन्हे थांबत नाहीत, आणि शरण आल्यावरही मरणच मिळणार असेल तर पुढचे बंडखोर नगर अखेरच्या माणसापर्यंत लढेल, म्हणून ही कत्तल अथेन्सच्याच हिताची नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. हात वर करून मतदान झाले आणि तो अगदी थोड्या फरकाने जिंकला. लगेच दुसरी नौका सोडण्यात आली; पहिली जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र आधी निघालेली होती. दुसऱ्या नौकेवरच्या वल्हेकऱ्यांनी मद्य आणि तेलात कालवलेले सातूचे पीठ वल्हवता वल्हवताच खाल्ले, झोपही आळीपाळीने घेतली, आणि सेनापतीने मृत्युदंडाचा हुकूम वाचला होता पण अमलात आणला नव्हता, अशा वेळी ते पोहोचले. नगर वाचले. तरीही बंडाचे सूत्रधार म्हणून अथेन्सला पाठवलेल्यांना ठार मारण्यात आले, आणि अकरा वर्षांनी मेलॉस बेटाच्या बाबतीत त्याच अथेन्सने अशीच शिक्षा कोणताही पश्चात्ताप न होता अमलात आणली.

मृत्युदंडाने गुन्हे कमी होतात का, बहुमताने घेतलेला निर्णय किती लवकर फिरवावा, जमावाच्या रागापुढे उभे राहून कोणत्या भाषेत बोलावे, हे प्रश्न आपल्या संसदेपुढे आणि न्यायालयांपुढे आजही आहेत. ग्रीकांनी त्यांची उत्तरे देऊन ठेवली आहेत असे मी म्हणत नाही. त्यांनी दोन्ही बाजू नोंदवून ठेवल्या, हे मोलाचे आहे.

हा अभ्यास पुराव्याकडे पाहण्याची शिस्तही लावतो. अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याला दहा वर्षे हद्दपार करण्यासाठी नागरिक खापराच्या तुकड्यावर त्याचे नाव कोरून मत देत. १९३७ मध्ये अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत अशी सुमारे १९० खापरे सापडली. सर्वांवर नाव एकच, सॅलॅमिसच्या लढाईत पर्शियन आरमाराला हरवणाऱ्या थेमिस्टोक्लिसचे. हस्ताक्षरे तपासली तेव्हा ती जेमतेम १४ जणांची निघाली. म्हणजे विरोधी गटाने मतपत्रे आधीच कोरून वाटण्यासाठी तयार ठेवली होती, हा निष्कर्ष लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकी वर्णनातून कधीच मिळाला नसता. हस्ताक्षरावरून प्रचाराची यंत्रणा उघड करणारी ही नजर वकिलाला, पत्रकाराला आणि प्रशासकाला सारखीच लागते.

मात्र मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगावी. अथेन्सच्या सभेत स्त्रियांना, गुलामांना आणि तेथे राहणाऱ्या परदेशीयांना मत नव्हते, आणि ज्या चांदीवर त्याचे आरमार उभे राहिले ती लॉरिअनच्या खाणींतून गुलामांनी काढलेली होती. केवळ भारावून हा विषय निवडणारे विद्यार्थी पहिल्याच वर्षी निराश होतात.

आता पोटापाण्याचे. केवळ ग्रीक इतिहास शिकवण्याच्या नोकऱ्या भारतात जवळजवळ नाहीत, ही गोष्ट मी आपल्यापासून लपवणार नाही. म्हणून माझा सल्ला असा की तिने आधी आपल्याकडेच इतिहास विषय घेऊन बी.ए. करावे, संस्कृत सोडू नये आणि ग्रीक भाषा जोडीला सुरू करावी. पदवीनंतर महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएल.बी.चा मार्ग खुला असतो, त्यामुळे आपल्या मनातली वकिली त्यानंतरही शक्य आहे. पाचऐवजी सहा वर्षे लागतील, एवढाच फरक. पुरातत्त्वाकडे वळायचे ठरले तर पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. संग्रहालयाचे काम आवडले तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम आहे. केंद्रीय लोकसेवा परीक्षेत तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र या दोन्ही वैकल्पिक विषयांत प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल अभ्यासक्रमातच आहेत, तेव्हा तिकडेही ही मेहनत वाया जात नाही.

थेट परदेशी जायचे असेल तर ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे शाळेत ग्रीक-लॅटिन न शिकलेल्यांसाठी अभिजात विद्यांच्या, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन भाषा, साहित्य आणि इतिहासाच्या, चार वर्षांच्या पदवीचा मार्ग आहे, आणि अथेन्स विद्यापीठातही प्राचीन ग्रीसचे पुरातत्त्व, इतिहास आणि साहित्य यांची इंग्रजी माध्यमातली चार वर्षांची पदवी आहे. परंतु घर तारण ठेवून या विषयाच्या पहिल्या पदवीसाठी कर्ज काढावे, असे मी कोणत्याही पालकाला सांगणार नाही. पदव्युत्तर टप्प्यावर जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती, फेलिक्स शिष्यवृत्ती असे पर्याय असतात. तोवर तिची तयारीही सिद्ध झालेली असेल.

नाशिकच्या मुलीला काय मिळणार, असे आपण विचारले आहे. आपल्या गावच्या पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, दत्तामित्री नगराहून आलेला उत्तरेकडचा यवन (त्या काळी ग्रीकांना वापरला जाणारा शब्द), याने ते लेणे आणि पाण्याची टाकी कोरवली, असे तो सांगतो. त्या नगराच्या नावाचा संबंध काही विद्वानांनी डेमेट्रियस या ग्रीक राजाशी जोडला आहे. कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवन दात्यांचे लेख आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण, तेर, कल्याण, सोपारा आणि चौल यांची नोंद केली आहे, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात सापडलेली ग्रीक सागरदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहे. ग्रीक आणि प्राकृत या दोन्ही भाषांतले मूळ लेख स्वतः वाचू शकणारे अभ्यासक जगात फार थोडे आहेत. युरोपातल्या विद्यार्थ्याला प्राकृतापर्यंत पोहोचायला जी वर्षे लागतील, ती आपल्या मुलीची संस्कृतमुळे वाचतील. शिवाय ग्रीक व्याकरणातले द्विवचन आणि आत्मनेपदासारखे प्रयोग पाहून ती बिचकणार नाही. तिने याच सांध्यावर काम करावे असे मला मनापासून वाटते, आणि तिची खरी संधीही मला तिथेच दिसते.

बारावीची परीक्षा संपली की तिला ग्रीक लिपी आणि प्राथमिक व्याकरण सुरू करू द्या. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या संकेतस्थळावर मूळ ग्रीक ग्रंथ शब्दार्थांसह विनामूल्य वाचता येतात. सहा महिने रोज तासभर क्रियापदे पाठ करूनही तिचा उत्साह टिकला तर हा ध्यास खरा समजावा. तोपर्यंत बी.ए.चा प्रवेश घ्यावा आणि विधीची चर्चा पदवीपर्यंत थांबवावी. मात्र ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विचार पक्का असेल तर आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरच्या सुमारास अर्जाची मुदत संपते, म्हणून त्याबाबत मला लवकर कळवावे, आणि शक्य झाल्यास ते पत्र तिने स्वतः लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक