बीपी असेल तर साध्या मिठाऐवजी सैंधव चालेल का?

नाही. उपासाचं सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. बीपी वाढवतं ते सोडियम. शिवाय त्यात सहसा आयोडीन नसतं, तो तोटा वेगळाच.

खरा फरक पडतो तो थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेल्या मिठाने. चीनमधल्या 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर असा मोठा अभ्यास झाला. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे बीपीवाले असे हे लोक. निम्म्या गावांना 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष 2021 मध्ये आले.

पण किडनीचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच आणू नका. रक्तात पोटॅशियम साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

घरातला हिशोब सोपा आहे. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅम, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाणही आलं. एक किलोचा पुडा महिनाभरात संपत असेल तर आधी ताटातलं वरचं मीठ बंद करा.