पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि डोकं दुखायला लागलं. गोळ्या बंद करू का?

आपल्या मनाने लगेच बंद करू नका. सुरुवातीच्या काही आठवड्यांत डोकं दुखणं बऱ्याच जणींना होतं आणि पुष्कळदा आपोआप कमीही होतं.

तोवर भिंतीवरच्या कालनिर्णयाचा उपयोग करा. डोकं दुखलं त्या तारखेला फुली मारा, शेजारी वेदनाशामक घेतली का तेही लिहा. महिन्यातले ठरावीक दिवसच प्रोजेस्टेरॉन (या उपचारातलं एक हार्मोन) घेत असाल आणि फुल्या नेमक्या त्याच दिवसांत पडत असतील, तर डॉक्टरांना तो कागदच दाखवा. प्रकार किंवा वेळापत्रक बदलता येतं. गोळीने रक्तातलं इस्ट्रोजेन (या उपचारातलं मुख्य हार्मोन) वरखाली होतं आणि मायग्रेनला हे चढउतारच भोवतात. त्वचेवरच्या पॅच किंवा जेलने पातळी बरीच स्थिर राहते, म्हणून मायग्रेनवाल्यांना सहसा तेच सुचवतात. हे आवर्जून विचारा.

संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नुसत्या चहावर राहत असाल तर दोष हार्मोनला देऊ नका! बीपीही एकदा तपासून घ्या.

साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त घेतली, तर तिच्यामुळेच डोकं दुखत राहू शकतं. ट्रिप्टान (मायग्रेनवरच्या खास गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्यांना १० दिवसही पुरतात.

मात्र अचानक असह्य डोकेदुखी, बोलताना अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा दिसेनासं होणं यांपैकी काहीही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा. डोळ्यांपुढे नागमोडी चमक नव्यानेच यायला लागली असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.