प्रवाळांच्या टाकीत शेवाळनाशक टाकावे का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरी 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत प्रवाळे, क्लाउनफिशची जोडी आणि दोन कोळंब्या आहेत. काही आठवड्यांपासून खडकांवर हिरवे तंतू आणि वाळूवर तांबडा, बुळबुळीत थर वाढतो आहे. दुकानदाराने दिलेल्या शेवाळनाशकाच्या बाटलीवर ‘प्रवाळांना निर्धोक’ असे छापले आहे; घटकांची यादी मात्र नाही. ते वापरावे का?

उत्तर : घटक ठाऊक नसलेले औषध टाकीत टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रवाळाचे बरेचसे अन्न तीच तयार करतात. त्यामुळे प्रकाशसंश्लेषण रोखणारे द्रव्य खडकावरच्या तंतूंबरोबर प्रवाळालाही उपाशी मारू शकते. तांबे असलेली औषधे तर कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळे यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात, शिवाय चुनखडीचे खडक व वाळू तांबे धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडतात.

वाळूवरचा तांबडा थर पिपेटने ओढून पाहावा. तो पापुद्र्यासारखा सुटला आणि त्यात बुडबुडे अडकलेले दिसले, तर ते बहुधा शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत. त्यांच्यावर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक वापरले जाते, परंतु टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही त्याचा फटका बसू शकतो. ब्रायोप्सिस या पिसासारख्या हिरव्या शेवाळावर फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक औषध अनेकदा लागू पडते, सायनोबॅक्टेरियावर नाही.

औषध अचूक निवडले तरी एक धोका उरतोच, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. एकदम मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते व साठवलेले नायट्रेट आणि फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचीच पोषकद्रव्ये, पुन्हा पाण्यात सोडते. 25 अंश सेल्सिअसला समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यात सव्वाआठ. त्यातही रात्री प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते, म्हणून संध्याकाळी ठीक दिसणारे मासे पहाटे पृष्ठभागाशी धापा टाकताना आढळतात.

आधी पाण्याकडे पाहावे. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू नये म्हणून अमेरिकेतील अनेक शहरांत पुरवठ्याच्या पाण्यात फॉस्फेट मिसळतात, त्यामुळे टाकीसाठी आरओ-डीआय पाणीच (सूक्ष्म पडद्यातून गाळून उरलेले क्षारही काढलेले पाणी) वापरावे. तंतू हाताने उपटावेत, टूथब्रशने घासताना सुटलेले तुकडे नळीने ओढून काढावेत, खाद्य कमी करावे आणि टर्बो गोगलगायी सोडाव्यात. फॉस्फेट शून्यावर मात्र आणू नये. तशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव माजतात आणि ते आवरणे याहून कठीण असते.

औषध आधीच टाकले असल्यास एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लगेच सुरू करावा, तापमान व क्षारता जुळवलेल्या नव्या खाऱ्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घालावा.