रात्री वाढणारे व्होल्टेज आणि जळालेली उपकरणे

प्रश्न : सातारा जिल्ह्यात महामार्गालगत माझे लॉज व भोजनालय असून व्यावसायिक दराचे तीन फेज लघुदाब कनेक्शन आहे. रात्री अकरानंतर व्होल्टेज 258 पर्यंत चढते. दोन महिन्यांत तीन एसींचे सर्किट बोर्ड आणि एक डीप फ्रीजर जळाला. वायरमन म्हणतो, "वरूनच जास्त येतंय, स्टॅबिलायझर बसवा." भरपाई मिळेल का?

उत्तर : स्टॅबिलायझर अवश्य बसवा, पण तो वीज कंपनीच्या कर्तव्याला पर्याय नाही, आणि तो बसवल्याने आपला हक्कही जात नाही, त्याचे बिल मात्र जपून ठेवा. लघुदाब पुरवठ्याचा दाब घोषित दाबाच्या सहा टक्के वर-खाली, याच पट्ट्यात राहिला पाहिजे, ही मर्यादा 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम 54 पासून चालत आली आहे. 230 व्होल्टला ती जवळपास 244 होते. आपले 258 त्याच्या बरेच पुढे आहेत.

तरीही जळालेल्या वस्तूंच्या यादीने सुरुवात करू नका. आधी हे सिद्ध व्हायला हवे की जादा दाब मीटरपर्यंतच येतो आहे, कारण कंपनीची जबाबदारी पुरवठ्याच्या बिंदूपाशी ठरते. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून मीटरपाशी तिन्ही फेजचे न्यूट्रलशी व्होल्टेज रात्री मोजून घ्या. तिन्ही फेज सारखेच चढलेले असतील, तर बहुधा दिवसाचा लो व्होल्टेज भरून काढण्यासाठी रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप, म्हणजे दाब कमी-जास्त करण्याची जोडणी, वर ठेवलेला असतो आणि रात्री भार उतरला की दाब फुगतो. एक फेज 270 आणि दुसरा 180 दिसला, तर न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पुरवठा लगेच बंद करा, कारण तिथे आग लागू शकते. तो न्यूट्रल मीटरच्या आपल्या बाजूला तुटलेला निघाला, तर दावा उरत नाही. छतावर सौर पॅनेल असतील तर दुपारचे वाढीव व्होल्टेज वेगळे तपासावे लागेल. आपली तक्रार रात्रीची आहे, हे आपल्या पथ्यावर पडते.

आपला सर्वांत भक्कम साक्षीदार कंपनीचाच मीटर आहे. तीन फेज इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फेजनिहाय व्होल्टेजची नोंद सहसा साठते आणि ती एमआरआय, म्हणजे मीटरमधील नोंदी वाचणाऱ्या, यंत्राने काढता येते. मात्र ही नोंद मर्यादित दिवसांचीच राहते, म्हणून उपविभागीय कार्यालयाला आजच लेखी अर्ज देऊन ती मागा, रोहित्राचा टॅप बदलण्याची मागणीही त्याच अर्जात करा आणि पोच घ्या. जळालेले बोर्ड भंगारात देऊ नका. दुरुस्ती करणाऱ्याकडून बिघाडाचे कारण आणि तारीख लिहून घ्या.

दखल घेतली नाही, तर विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 42(5) खालील ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज यावा लागतो. तेथे आपण स्वतः बाजू मांडू शकता. पुरवठ्याची मानके न पाळल्यास भरपाईची तरतूद कलम 57 मध्ये आहे. मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे जाता येते. मंचाकडून बुडालेला धंदा किंवा परत गेलेल्या गिऱ्हाइकांची भरपाई मात्र मिळत नाही. अपेक्षा प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच ठेवा.

ग्राहक आयोगाचा मार्ग मी सुचवणार नाही. उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशन विरुद्ध अनिस अहमद या 2013 च्या निकालात व्यावसायिक वापराचा वीजजोडधारक ग्राहक संरक्षण कायद्यातील 'ग्राहक' ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविकेसाठीचा व्यवसाय याला अपवाद आहे. नोकर-चाकर असलेल्या लॉजला तो लागू करून घेणे अवघड जाईल.

या वादापायी वीजबिल थकवू नका. कलम 56 नुसार पंधरा दिवसांची नोटीस देऊन कंपनी पुरवठा तोडू शकते, आणि मग मूळ तक्रार बाजूला पडून थकबाकीचाच विषय पुढे येतो. रोहित्राच्या टॅपला खासगी इलेक्ट्रिशियनचा हातही लागू देऊ नका.