बाळंतपणाला दोन महिने झालेत. व्यायाम सुरू केला, पण उडी मारली की लघवी गळते. व्यायाम बंद करू का?

उड्या बंद करा, चालणं बंद करू नका.

माझंही हेच झालं होतं. सहा आठवड्यांच्या तपासणीत टाके बघून डॉक्टर म्हणाले, "आता सगळं करायला हरकत नाही." मी ते 'सगळं' फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ लावून उड्या सुरू. सातव्या की आठव्या उडीला सलवार ओली. व्हिडिओतली बाई "अजून दहा!" म्हणत होती आणि मी मांड्या आवळून तिथेच उभी. कुणाला सांगितलं नाही. पुढे शिंक येणार असं वाटलं तरी आधी खाली बसायचे.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने आधी मला जमिनीवरून पिशवी उचलायला लावली. मी श्वास रोखून, पोट आत ओढून उचलली. ती म्हणाली, इथेच गडबड आहे. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे पेलणारे स्नायू गरोदरपणातच ताणलेले असतात (सिझेरियन झालं तरी ते ताणलेलेच असतात). श्वास रोखला की पोटातला सगळा दाब त्या झोळीवर येतो.

कीगल, म्हणजे याच स्नायूंचा व्यायाम, मी करत होतेच, पण नुसतं आवळत होते. आवळल्यावर पूर्ण सैल सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, हे तेव्हा कळलं. श्वास सोडताना वायू रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, श्वास घेताना सोडून द्यायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मधेच धार थांबवून सराव मात्र करू नका. बाळाला उचलतानाही श्वास सोडत उचला. दिवसभरात तेच सगळ्यात जास्त वेळा होतं.

पोटही बघून घ्या. उताणं झोपून, गुडघे दुमडून डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा. पोटाच्या दोन बाजूंच्या स्नायूंमधल्या फटीत माझी तीन बोटं जात होती. दोनपेक्षा जास्त गेली तर सिट-अप्स सध्या नकोत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बाळंतिणीसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, पण हळूहळू वाढवत. मी दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. १५० मिनिटांपर्यंत पोचायला पाच महिने लागले. एकदा उत्साहात तासभर चालले, तर थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा लाल झाला. दोन दिवस गुपचूप पडून राहिले. पळणं तर तीन महिन्यांच्या आत नकोच, आणि नंतरही गळती, दुखणं किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखा जडपणा असेल तर नाही. जडपणा वाटला तर डॉक्टरांना दाखवाच.

व्यायामाने दूध आटेल ही भीती सोडा, मध्यम व्यायामाने आटत नाही. फक्त आधी पाजून मग निघा, भरलेल्या छातीने चालणं म्हणजे शिक्षा.

आणि पुढच्या तपासणीत 'लघवी गळते' हे स्वतःहून सांगा. मला कुणी विचारलंच नव्हतं.